लेकीच्या ओट्याखालची कपाटं

"बाबा, सारखं प्लाय प्लाय काय लावलंय? आता सगळे बोर्डच घेतात," शोरूममधून आणलेले नमुने टेबलावर मांडत लेक म्हणाली.

सुताराने एक तुकडा उचलून कडेला नख लावलं. नखात भुसा आला.

"हा भुसा आणि गोंद, पोरी. ओल लागली की फुगतो. वरच्या कपाटांना घाल हवा तर, पण ओट्याखाली प्लायच पाहिजे. मी करून देतो ना!"

"तुम्ही महिनाभर ठोकाठोक करत बसणार. ते लोक तीन दिवसांत बसवतात. वर हमी देतात."

चाळीस वर्षं लोक त्याला गाडी पाठवून सल्ल्याला न्यायचे. पण पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं. लेकीचं स्वयंपाकघर तरी आपल्या हातचं असावं, एवढी एकच हाव त्याला उरली होती. तो आतून जळला.

कपाटं तीन दिवसांत बसली. दिसायला देखणी होती, आणि तेवढं कबूल करावं लागल्याचा त्याला जास्तच राग आला.

दोन महिन्यांनी तो तिच्याकडे गेला, तेव्हा ओट्याखालचं एक दार लोंबत होतं. बिजागरीचा स्क्रू सैल झाला होता.

"थांब, आत्ता आवळून देतो," म्हणत तो हौसेने खाली बसला. पिशवीत पेचकस असायचाच. शेवटी स्क्रूला करकचून अर्धा फेरा द्यायचा, ही प्लायवर मुरलेली हाताची सवय. बोर्डाला ती सोसत नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर त्यानेच त्याला झापलं असतं. भोक फाटलं, भुसा गळला आणि दार त्याच्या मांडीवर आलं.

"बाबा! हात लावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

तिने तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. तो दार धरून बसून राहिला. पलीकडच्याने काहीतरी विचारलं.

"नाही हो, घरातलं कुणी नाही," लेक म्हणाली. "ओळखीतला एक सुतार आला होता. म्हातारा आहे, त्याला नाही कळत यातलं."

सुताराने दार अलगद भिंतीला टेकवलं, ओट्याला धरून उठला आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. आत लेक फोनवर घराचा पत्ता सांगत होती.