काठावरचा उजेड

“माजी पोर कृष्णाचं नेमकं काय करीत हुती, तेवडं सांगा ताई,” प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढत हौशीरामआबा म्हणाले.

तापाचं निमित्त होऊन त्यांची लेक स्नेहल गेली, त्याला आठवडा झाला होता. परवा दहावा. आंदर मावळातून सकाळची एसटी धरून ते तुंगार्लीला आले होते. दहाव्याला नदीवर कीर्तन. गेलेल्या माणसानं काय केलं, ते बुवा चार लोकांत सांगणार.

“कृष्णाचं?” स्नेहलची सहकारी अनघा गोंधळली.

“कृष्णविवर म्हनायची की ती. म्या बुवांना सांगून बसलोय, पोर देवाच्याच कामात हुती.”

अनघाला आता उलगडलं. “आबा, कृष्ण म्हणजे इथं नुसतं काळं. हे विवर आकाशात असतं. त्यात गेलेलं परत येत नाही, उजेडसुद्धा.”

“मंग हितं कुटं हाय त्ये?”

तिनं टेबलावरचा केसाएवढा काचेचा धागा दाखवला. “त्याच्या काठासारखा काठ आम्ही यात उजेडानंच तयार करतो. एक जोराचा झोत पुढं पळतो. मागचा मंद उजेड त्याला गाठतो, पण ओलांडू शकत नाही. गणित सांगतं, त्या काठावर आपोआप अगदी क्षीण उजेड फुटतो. तो स्नेहल शोधत होती.”

“घावला?”

“नाही, आबा.” त्यांचा चेहरा बघून ती घाईनं म्हणाली, “तुम्ही सापडला म्हणून सांगा. तिथं कोण विचारतंय?”

“कीर्तनाची जागा म्हंजी नारदाची गादी हाय ताई. तिथं खोटं कसं सांगू?”

तिनं स्नेहलची खुर्ची पुढं केली. आबा बसले नाहीत. यंत्र बंद होतं. तरी वाकून, डोळे बारीक करून ते त्या धाग्याकडे बराच वेळ बघत राहिले.

दहाव्याला इंद्रायणीकाठी गोरखबुवा फेटा नीट करत आबांकडे वाकले. “आबा, कृष्णाचंच घेऊ ना?”

“न्हाई बुवा. त्यो अंदार हुता. अंदाराच्या काठाला उजेड फुटतो का, ते बगत बसायची ती. घावला न्हाई. येवडंच सांगा.”

बुवांनी तेवढंच सांगितलं आणि ते थांबले.

यावर कोणता अभंग धरायचा, ते टाळकऱ्यांना कळेना. ते बुवांकडे बघत राहिले, टाळ तसेच हातात धरून.