पेटीवरचा तळहात

महाराजांनी तळहात ठेवला की कॉम्प्युटरची पेटी हळूहळू तापायची. हे खरं होतं. केमिस्टबाईंनी स्वतः हात लावून पाहिलं होतं.

महाराज हे बाईंच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बाहेरून येणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याचं टोपणनाव. ते आले की नळ बंद, गप्पा बंद, सगळे पेटीभोवती गोळा.

“हे तयार सॉफ्टवेअर नव्हे. मूळ सोर्समधून, म्हणजे लिहिलेल्या ओळींमधून घडवावं लागतं, आणि ते माझ्याच हाताला वश आहे,” ते बजावत. “ओळी वाचू नका हं, घडण बिघडते.”

मग खांदा आडवा घालून काहीतरी टाइप करत. पडद्यावरून ओळी भराभर पळत, पंखा घोंघावू लागे.

“आली बघा शक्ती,” बाटल्या धुणाऱ्या मावशी कुजबुजत.

महाराज रुसले तर सॉफ्टवेअर बंद, अहवाल बंद. मग नळाचं पाणी प्यायला चांगलं आहे की नाही, हे लोकांना सांगणार कोण? या धाकाने बाई विभागप्रमुखपद टाळत होत्या. त्या पदावरून निवृत्त होणाऱ्या साहेबांना त्यांचं वर्षभर एकच उत्तर होतं, “बघते, सर.”

त्या दिवशी काम उरकून महाराजांनी पडदा कोरा केला आणि चहाला गेले. बाईंनी सहज वरच्या बाणाची कळ दाबली. शेवटची आज्ञा परत उमटली: अवघी एक ओळ.

बाईंनी तिचा अर्थ इंटरनेटवर शोधून वाचला, मग तीच ओळ शेजारच्या कॉम्प्युटरवर टाइप केली आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. ओळी पळाल्या. पंखा घोंघावला. पेटी तापली.

महाराज कप घेऊन परतले आणि थबकले. “माझ्या हाताची ऊब खोलीत राहिली असणार.”

“मग तुमच्या हातातला चहा का गार झाला?” मावशींनी विचारलं.

बाई हसल्या नाहीत. “ही ओळ ज्या प्रोग्रॅमला कामाला लावते, त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. तो इंटरनेटवरून सोर्स उतरवतो, लागणारे इतर भाग शोधतो, आणि सगळ्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवतो. तेव्हा कॉम्प्युटरला भरपूर काम पडतं, म्हणून पेटी तापते. लिहिणाऱ्यांनी सोर्स उघडा ठेवलाय, कुणीही वाचावा म्हणून. डोळे आपण मिटले. यापुढे काही कळलं नाही, तर हात जोडण्याआधी वाचून बघू या.”

“आणि उद्या अडलं तर?” दारातून साहेबांनी विचारलं.

“तर शोधू, सर,” बाई म्हणाल्या. “विभाग मी घेते.”