सात नंबरची पेटी

म्हातारीच्या नातीला जुळं झालं आणि घरात एका दमात दोन पाळणे हलायला लागले, त्याच वर्षी जुन्या लढाईतली हाडं सापडली. नव्या पुलाचा पाया खणत होते. दहा-बारा फूट खोलीवर यंत्राच्या दाताला बूट लागला आणि बुटात पाय होता. काम थांबलं, सैन्याची माणसं आली आणि महिनाभर ब्रशने माती झाडत त्यांनी एकामागून एक अकरा जण बाहेर काढले. लढाई होऊन तेव्हा एकेचाळीस वर्षं झाली होती.

त्या भागात ज्यांची माणसं बेपत्ता झाली होती, त्या घरांना पत्रं गेली. एक पत्र म्हातारीकडे आलं. म्हातारी एक्याऐंशीची. जन्मभर शिलाईच्या कारखान्यात काजं करून पाठीत वाकलेली, पण जिभेने ताठ. तिचा थोरला बाविसाव्या वर्षी लढाईवर गेला तो गेलाच. मेल्याची तार नाही, जिवंत असल्याचं पत्र नाही. कोणी "आता त्याच्या नावाने रडून मोकळी हो" म्हटलं, की ती म्हणायची, "आधी दाखवा, मग रडते."

पत्र घेऊन ती लेकीबरोबर कचेरीत गेली. लांबलचक खोली, भिंतीला टेकून बाकं, बाकांवर सगळे तिच्याच वयाचे. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. टेबलामागची नोंदणीवाली एकेकाला बोलावून कागद भरत होती.

"बेपत्ता माणसाशी नातं?"

"आई."

"सख्खी ना, आजी?"

"मग काय, भाड्याने आणलेली दिसते का मी?"

त्या मुक्या खोलीत पहिल्यांदा हसू फुटलं. लेकही हसली. नोंदणीवालीने हसत हसतच 'सख्खी' लिहिलं, कापसाची काडी म्हातारीच्या गालाच्या आतून फिरवली आणि नळीत घालून झाकण लावलं.

आता खरी गोष्ट अशी, की थोरला म्हातारीच्या पोटचा नव्हता. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो आठ महिन्यांचा होता, रांगत होता. त्याला जन्म देणारी बाळंतपणाच्या तापात गेली होती. नव्या नवरीला पाहून तो सरपटत आला आणि तिच्या पायाचा अंगठा धरून बसला. झालं, ती त्याची आई झाली. तीन वर्षांनी लेक झाली, तेव्हा तिने नवऱ्याकडून वचन घेतलं, 'सावत्र' हा शब्द या घरात निघायचा नाही. थोरल्याची मावशी भेटायला येई. तो पाच वर्षांचा झाल्यावर म्हातारीने तिलाही दारातच सांगितलं, "आता येऊ नकोस. पोराला समजायला लागलंय." पुढे नवरा गेला, शेजारपाजार बदलला, आणि ही गोष्ट सांगणारं कोणी उरलं नाही. खोटं इतकं जुनं झालं, की म्हातारीलाही ते खोटं वाटेनासं झालं. कागदावर सख्खी लिहून घेताना तिची पापणीही लवली नाही.

चार महिन्यांनी हाडांच्या डॉक्टरने दोघींना बोलावून घेतलं.

त्याची खोली थंड होती. पांढऱ्या चादरी घातलेली अकरा टेबलं. हाडं माणूस झोपल्यासारखी मांडलेली, डोक्यापासून पायापर्यंत. बोटांची बारीक हाडं वेगळ्या ताटलीत. दहा टेबलांवर नावाची चिठ्ठी लागली होती. सातव्यावर फक्त आकडा होता.

डॉक्टरने मानेखालचं एक वाकडं हाड दाखवलं. "हे जिवंतपणी मोडून पुन्हा सांधलेलं आहे."

म्हातारी खाली वाकली. "सहा वर्षांचा असताना शिडीवरून पडला. हाडवैद्याने बांधलं, पण त्या मेल्याला कुठलं जमतंय? वाकडंच बसलं. दप्तर या खांद्यावरून सारखं घसरायचं त्याचं. मी शिवून पट्टा रुंद करून दिला होता." तिने डॉक्टरकडे पाहिलं. "माझाच आहे हा. द्या."

डॉक्टरने समोरची फाइल उघडली. मग म्हणाला, "आजी, उंची जुळते. वय जुळतं. भरतीच्या कागदावर हे मोडलेलं हाड लिहिलेलं आहे, तेही जुळतं. फक्त आई जुळत नाही."

"म्हणजे?" लेक म्हणाली.

"इतक्या जुन्या हाडांत आम्ही जी खूण शोधतो, ती लेकराला आईकडूनच येते. बापाकडून नाही. यांची खूण आणि त्याची खूण वेगळी आहे. त्यामुळे नियमाने मला लिहावं लागतंय, की हा तुमचा नाही. ज्याची ओळख पटत नाही, त्याला महिनाअखेर बेवारसांच्या जागेत पुरतात."

लेक उसळली. "तुमचीच काडी बदलली असणार! खोलीभर माणसं रांगेत, एकाची दुसऱ्याच्या नळीत गेली असेल. एकेचाळीस वर्षं वाट पाहिली हिने, आणि तुम्ही नियम सांगता?"

"तीनदा तपासलंय, ताई."

"चौथ्यांदा तपासा!"

म्हातारी टेबलाची कड धरून उभी होती. गप्प राहिलं, तर मरेपर्यंत ती त्याची आई राहणार होती, आणि तो परक्यांच्या खड्ड्यात जाणार होता. बोललं, तर तो घरी येणार होता. लेक डॉक्टरला अजून बोल लावतच होती, आणि तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता.

"त्याला नको बोलूस," म्हातारी म्हणाली. "काडी नाही बदलली. आईच बदललेली आहे. मी सावत्र."

लेकीचं तोंड उघडंच राहिलं. "कोणाची?"

"त्याची. तुझी सख्खी आहे, घाबरू नकोस."

"एकोणसाठ वर्षं, आई! एकोणसाठ वर्षांत तुला एकदाही..." ती भिंतीकडच्या स्टुलावर जाऊन बसली. मग हळूच विचारलं, "त्याला माहीत होतं?"

"नाही. कळू दिलं नाही."

डॉक्टरने कागद पुढे ओढला. "त्यांच्या जन्मदात्या आईच्या माहेरचं कोणी आहे? बहीण, बहिणीची मुलं?"

"एक बहीण. असली तर."

असली तर, हे नुसतं म्हणायला. मावशी कुठे राहते हे म्हातारीला सत्तावन्न वर्षं ठाऊक होतं. टपालकचेरीच्या मागच्या गल्लीत चष्म्याचं दुकान. बसने तीन थांबे. इतकी वर्षं ती त्या गल्लीला वळसा घालून बाजारात जात होती.

मावशी गल्ल्यामागे बसून चष्म्याचा स्क्रू पिळत होती. तिने मान वर केली आणि लगेच ओळखलं.

"तुला कशाला चष्मा? तुला हवं तेवढंच दिसतं, ते काही आजचं नाही."

"थोरला सापडला."

मावशीचा हात थांबला. "कसा?"

"हाडं."

"मग माझ्याकडे काय काम? माझं-त्याचं नातं तूच तोडलंस. मी दारात उभी, आणि पोर आत पाटाचा घोडा करून दौडत होतं. तो आवाज ऐकत जिना उतरले मी. आणि तो बेपत्ता झाला, ते कुठे कळलं मला? पेपरातल्या यादीत!"

"चुकलं माझं."

"एवढ्याने भागतं होय?"

"नाही भागत. पण तुझ्या तोंडातली लाळ लागते. माझी चालत नाही."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. "लाळ? अगं, थुंकायला तर मी सत्तावन्न वर्षं टपून बसलेय. तुझ्या दारावर!" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, ते तिने काचा पुसायच्या फडक्याने पुसले. लेक दाराशी उभी होती. दोघींपैकी कोणाकडे बघावं, तिला समजेना.

"दुकान बंद करून येते," मावशी म्हणाली. "पण माफ केलं असं समजू नकोस. आणि पाच वर्षांपुढचा तो मला माहीत नाही. तो सगळा सांगायचा, काही न चोरता."

बसमध्ये म्हातारी सांगायला लागली. सांगायचं खूप होतं: शाळेतली मारामारी, पहिली मिशी, भरतीच्या आदल्या दिवशी उगाच पॉलिश केलेले सगळ्यांचे बूट. कचेरीपर्यंतच्या वाटेत कितीसं होणार? ती सातवीपर्यंतच पोहोचली. कचेरीत मावशीने तोंड उघडलं, काडी फिरली, आणि परतीच्या बसमध्ये आठवी सुरू झाली.

डॉक्टरने महिनाअखेर पेटी अडवून धरली, वरच्यांची बोलणी खाल्ली. एकोणिसाव्या दिवशी निरोप आला. खूण जुळली.

नव्या कागदावर नोंदणीवालीने आईच्या रकान्यात मेलेल्या बाईचं नाव लिहिलं. ताबा घेणारीच्या रकान्याशी ती अडखळली. "नातं काय लिहू, आजी?"

"सावत्र आई. सगळं लिही, अर्धं नको."

पेटी शिलाई मशीनच्या झाकणाएवढीच होती. गाडीत बसताना ती कोणाच्या मांडीवर ठेवायची, यावरून लेक घुटमळली.

"आधी मावशीकडे दे," म्हातारी म्हणाली. "मग मी घेते. मला सवय आहे."

मावशीने पेटी घेतली. निम्म्या वाटेवर, न सांगता, तिने ती म्हातारीकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्याला माती दिली.

थोरला लढाईच्या शेवटच्या वर्षी, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, पुलाजवळच्या खंदकात मारला गेला. तो बावीस वर्षांचा होता. म्हातारी त्याला माती दिल्यावर सात महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, झोपेतच गेली.