विवाहितांनाच खोली

कारखान्याचा सकाळचा भोंगा झाला तशी शेंगा निवडणारी बाई डोक्याला फडकं गुंडाळून घराबाहेर पडली. तिचा नवरा, एकेकाळचा गाडीवान, ओट्यावर दात घासत बसला होता. रुळांनी गावातला माल ओढून नेल्यापासून त्याला दात घासायला भरपूर वेळ मिळे.

रेल्वेने या गावाचं काय केलं, याचा ताळेबंद एकदा मांडायलाच हवा. जमेच्या बाजूला मालधक्का, तेलाचा कारखाना, पेठेतले दिवे. खर्चाच्या बाजूला बैलगाड्या, इंजिनाच्या काजळीआधी वाळत घातल्यावरही पांढरे राहणारे कपडे आणि मुलींच्या शाळेतले मागचे बाक. ही शेवटची नोंद चुकून पडलेली नाही. कारखान्याने कामगारांसाठी पक्क्या खोल्या बांधल्या. छप्पर न गळणारं, नळ आत. मोकाट पोरांनी वसाहतीत धिंगाणा घालू नये म्हणून साहेबांनी नियम केला, खोली फक्त विवाहितांना. हेतू वाईट नव्हता. पण गाव साहेबांपेक्षा हुशार. खोलीला बायको लागते म्हटल्यावर गावाने बायका पुरवायला सुरुवात केली. मोठ्या मुली संपल्या तेव्हा शाळेतल्या काढल्या. अर्जावर मात्र सगळ्या अठराच्या. एका गावात इतक्या मुली एकाच वर्षी कशा जन्मल्या, असं कुणी कुणाला विचारलं नाही. जो विचारणार त्यालाही खोली हवीच होती.

संध्याकाळी बाई परतली तेव्हा घरात कारखान्यातल्या एका फिटरची आई येऊन बसली होती. समोर भूमितीची वही मांडीवर घेतलेली चौदा वर्षांची लेक.

"या विहीणबाई," फिटरची आई म्हणाली.

"एवढ्यात कुठल्या विहीणबाई? मी अजून पायसुद्धा धुतले नाहीत."

"उद्या अर्जाला नवरानवरी दोघं हजर लागतात. लग्न मागाहून केलं तरी चालतं. ऊठ गं, उभी राहा बघू." मुलगी उभी राहिली. फिटरच्या आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उंची आहे. अंग नाही. ते खोलीत गेल्यावर भरेल."

"मुलगी बघताय की पोतं?"

"तू मध्ये बोलू नकोस," गाडीवान म्हणाला. "पोरगा फिटर आहे. वॉचमनच्या जागेसाठी माझ्याकरता शब्द टाकतोय."

"आणि माझी शाळा?" मुलीने विचारलं.

"अगं, शाळा तर वसाहतीच्या भिंतीपलीकडेच," फिटरची आई समजुतीने म्हणाली. "भांडी घासताना पाढे ऐकू येतात सगळे."

पाहुणी गेल्यावर बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला पहिलं मूल झालं तेव्हा सुईणीने आत येऊन आम्हा पोरींकडे बघत विचारलं होतं, यातली आई कुठली म्हणून. आठवतं?"

"जुन्या गोष्टी कशाला उकरतेस?"

"ते मूल राहिलं नाही, म्हणून तुम्हाला ती जुनी वाटते."

तो उठून ओट्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या खिडकीपुढे सगळे जमले. मुलीला कुणाची तरी उंच टाचांची चप्पल घातली होती. ती भिंतीला धरून उभी होती. शेजारी फिटर. साधा पोरगा. मालधक्क्यामागच्या शेडमध्ये दोन पाळ्यांतली पोरं एकाच खाटेवर आळीपाळीने झोपत, त्यांतला हा एक. त्याने मुलीकडे एकदाच पाहिलं आणि नंतर तो बुटांकडे पाहत राहिला.

"वय?" कारकुनाने विचारलं.

"अठरा," फिटरची आई म्हणाली.

"चौदा," बाई म्हणाली.

कारकुनाने पेन थांबवला. "बाई, सगळे अठराच लिहितात."

"सगळ्यांनी लिहिलं म्हणून ती मोठी होत नाही."

"अहो, मी खोलात जात नाही म्हणून लोकांना घरं मिळतात. उपकार समजा."

"तुमच्या उपकाराला माझी पोर लागते. मी नाही द्यायची."

गाडीवानाने तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला आणि फिटरकडे वळली. "तू बोल रे. तुला बायको हवी आहे की खोली?"

पोरगा आईकडे पाहू लागला.

"तिकडे बघू नकोस. मी तुला विचारतेय."

"खोली," तो पुटपुटला. "निदान पाठ टेकायला जागा."

"मग खोली माग. मागायची लाज वाटते म्हणून माझ्या पोरीला पुढे करू नकोस."

फिटरने खिडकीत हात घालून आपला अर्ज ओढून घेतला. "माझा एकट्याचा लिहा."

"एकट्याचा घेता येत नाही."

"नका घेऊ. पण घेत नाही असं सहीनिशी लिहून द्या. शेडमधल्या सगळ्यांना दाखवायचंय."

"ह्याचं डोकं फिरलंय," त्याची आई रांगेतल्या लोकांना सांगू लागली. रांगेतले लोक मात्र फिटरकडे पाहत होते.

घरी येताना गाडीवान म्हणाला, "माझं नाक कापलंस गावात."

"चाचपून बघा, जागेवर आहे," ती म्हणाली. मुलगी चप्पल हातात घेऊन अनवाणी पुढे पळत होती.

वॉचमनची जागा दुसऱ्याला गेली. नवऱ्याने अबोला धरला. निवडणीच्या शेडमध्ये मुकादमाने बाईला बाजूला घेऊन बजावलं, "कचेरीच्या वाटेला जाऊ नका. काम जाईल."

"जेवणाची सुट्टी माझी आहे ना?"

"आहे, पण..."

"मग तेवढ्यात मी कुठे उभं राहायचं ते मी ठरवीन."

आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहू लागली. आधी एकटी, मग निवडणीतल्या दोघी आल्या, ज्यांच्या लेकी वसाहतीच्या भिंतीआड भांडी घासत होत्या. त्या भांडत नसत, अर्ज अडवत नसत. साहेबांचा नियम अजून बदललेला नव्हता, त्यामुळे अर्ज येतच होते. एक कुटुंब मुलीला घेऊन पुढे सरकलं. कारकुनाने वय विचारलं, बापाने अठरा सांगितलं, पेन टेकला. तेवढ्यात शेंगा निवडणारी बाई खाली वाकून त्या मुलीला म्हणाली,

"कितवीत आहेस गं?"

मुलीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. उत्तर तिला येत होतं, ते कुणाला पढवावं लागलं नव्हतं.

"सहावीत," ती म्हणाली, खिडकीच्या आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आता अठरा लिहायचे असतील तर ते 'सहावीत' ऐकून लिहावे लागतील. कारकुनाला, बापाला, आणि हे वाचणाऱ्या तुम्हाआम्हालाही.