उपाशीपोटी

"श्वास रोखा," टेक्निशियन बाई म्हणाल्या आणि यंत्राचं जेल लावलेलं टोक त्यांनी त्याच्या बरगड्यांच्या फटीत टेकवलं. कुणी आतून टिचकी मारावी तसं झालं.

"सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"नाही मॅडम."

धडधडीत खोटं. तासाभरापूर्वीच कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्याने चार अंडी आणि ब्रेड हाणला होता, तोही भूक नसताना. तीन तास आधी काही खायचं नाही, खाल्लं की यकृत आहे त्यापेक्षा कडक दिसतं, हे याच बाईंनी फोनवर बजावलं होतं. ते त्याने बरोब्बर लक्षात ठेवलं. दादाला यकृताचा तुकडा द्यायला घरात तो एकटाच जुळत होता. नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि ऑपरेशनची धास्ती जात नव्हती. यंत्रच नाही म्हणालं, तर कुणाला तोंड द्यायला नको.

"कडकपणाचा आकडा वर आलाय," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "डॉक्टर बघतीलच, पण अवघड दिसतंय."

जेल पुसताना त्याला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

बाहेर बाकावर दादा बसला होता. डोळे पिवळे, शर्ट खांद्यांवरून ओघळलेला. लहानपणी सायकलचा टायर अंगठ्याने दाबून हवा ओळखायला त्याला शिकवलं ते या थोरल्या भावानेच. दादाने मांडीवरचा डबा पुढे केला.

"घे. पोटात कावळे ओरडत असतील."

"तू खाल्लंस?"

"तू उपाशी, मी कसा खाऊ? गोळ्या नुसत्या पाण्याबरोबर घेतल्या. तुझ्या वहिनीने घर डोक्यावर घेतलं."

डबा दादाकडे सरकवून तो उठला आणि त्याने पुन्हा तपासणीच्या खोलीचं दार ढकललं.

"मॅडम, मी खाऊन आलो होतो."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. आकड्यावर रेघ मारली.

"उद्या आठ वाजता या."

तो परत येऊन बसला. डबा तसाच होता.

"खा तू. माझं झालंय, दादा. यायच्या आधीच."

दादाचा हात डब्यावर थांबला.

"भीती वाटते का रे?"

"वाटते."

"मलाही."

"उद्या परत बोलावलंय. आठला."

दादाने पहिला घास मोडला.

"म्हणजे उद्याही गोळ्या पाण्याबरोबर," तो म्हणाला. "वहिनीला तूच सांग."