कळमन्यातलं प्रात्यक्षिक

दीपमाला आपत्ती कक्षात अधिकारी होती. अग्निशमन दल, पोलीस आणि रुग्णवाहिका यांना आपापल्या वायरलेसवरून एकमेकांशी बोलता यावं, म्हणून सरकारी अनुदान मिळत होतं. मार्गदर्शक सूचनांतली अट साधी होती: तिघांचं बोलणं जुळलेलं प्रत्यक्ष दाखवा, मगच पुढची मदत.

ते जुळलं नव्हतं. रुग्णवाहिकेचा वायरलेस संच मुकाच होता.

"प्रात्यक्षिकाच्या वेळी कनातीमागून मोबाईलवर कळव गाडीला," तिनं सहकारी मोहितला सांगितलं. "बघायला येणाऱ्या पाहुण्यांना काय कळणार आहे?"

कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या शेडजवळ मांडव घातला गेला. खोट्या धुरातून अग्निशमन दलाच्या प्रशिक नावाच्या तरुण जवानानं वायरलेसवरून हाक दिली, मोहितनं गुपचूप फोन केला, रुग्णवाहिका येऊन परत जागेवर गेली. टाळ्या पडल्या. मोहित चहा प्यायला गेला.

तेवढ्यात मांडवातला संच पुन्हा खरखरला. प्रशिकच होता. "मॅडम, पोत्यांची थप्पी कोसळली. माणूस दबला. गाडी पाठवा!"

पोरगा रंगात आलाय, असं वाटून दीपमाला माईकवर हसत म्हणाली, "संदेश मिळाला. रुग्णवाहिका निघाली."

पुन्हा टाळ्या.

"गाडी कुठं हाय, मॅडम? खरंच सांगून राहिलो, नाटक नाही हे!"

तिनं माईक टाकला. मागे घेताना बंबाचा धक्का मिरचीच्या पोत्यांना लागला होता. बळीराम नावाचा हमाल खाली अडकला होता. मोहित दिसेना, चालकाचा फोन लागेना. साडी सावरत ती यार्डाच्या दुसऱ्या टोकाला धावली. गाडीचा चालक निवांत बसला होता. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

स्ट्रेचरवर बळीराम कण्हत म्हणाला, "मॅडम, माह्यामुळं तुमचा कार्यक्रम बिघडला."

ती मांडवात परतली, तर मुख्य पाहुणे कौतुकानं म्हणाले, "वा, खऱ्या प्रसंगातही यंत्रणा कामी आली!"

"नाही आली, साहेब," ती म्हणाली. "गाडीचा संच बंद आहे. पहिल्यांदाही आम्ही चोरून फोन केला होता."

अनुदान थांबलं. तिच्यावर चौकशी बसली.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. बळीरामचा पाय वाचला होता. त्याच्या बायकोनं, जिजाबाईनं, तिचा हात धरला. "तुम्ही धावल्या म्हणून वाचला माहा माणूस."

दीपमालाला मान वर करवेना. "मावशी, यांच्यासाठी आलेली मदतीची हाक मी आधीच ऐकली होती. खेळ समजून गाडी निघाली म्हणाले, आणि हसले."

 जिजाबाईनं हात सोडला आणि नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी करत बसली.