ब्रेकचा भाग

खरं सांगायचं तर हे लिहायचंच नव्हतं. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसून टाकलं. दुसऱ्याच्या घरची धुणी आपण का धुवायची? पण ज्याची गोष्ट आहे तोच म्हणाला, "लिही. फक्त मला बरा करून दाखवू नकोस." तर घ्या.

वाचनालयात त्याला सगळे उंट म्हणायचे. वय सतरा, डोकं दाराच्या चौकटीला लागेल एवढी उंची, आणि मान कायम खाली, जणू जमिनीवर काही सांडलंय आणि ते यालाच वेचायचंय. वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी पोरापोरींचा गट जमायचा. एकच पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि मग त्यावरून भांडायचं, असा कारभार. ग्रंथपाल बाई कोपऱ्यात बसून भांडणं ऐकायच्या. खुर्च्या फेकायची वेळ आली तरच मधे पडायच्या.

त्या वर्षी बाईंनी नवीन कार्यक्रम काढला, जिवंत पुस्तकं. म्हणजे पोरांनीच पुस्तक व्हायचं. प्रत्येकानं स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट घ्यायची, तिला नाव द्यायचं, नावं खाली फळ्यावर लागणार. गावातले लोक येणार, एक नाव निवडणार, वर येऊन त्या पोरासमोर बसणार. वाळूचं घड्याळ उलटं करायचं. वाळू खाली पडेपर्यंत वाचकानं ऐकायचं, हवं ते विचारायचं. वाचकाचं नाव मात्र कुणी विचारायचं नाही. पुस्तकाला झेपेनासं झालं तर त्यानं "पुस्तक मिटलं" म्हणून उठायचं. का म्हणून कुणी विचारणार नाही.

उंटाच्या पुस्तकाचं नाव होतं "अपघातानंतरचं घर".

त्याचे बाबा मालाची गाडी चालवायचे. सुट्टीत हा सोबत जायचा, खोकी उतरवायला. दवाखान्याच्या उतारावर रस्ता ओलांडणारी एक बाई गाडीखाली आली आणि जागीच गेली. गाडी पुढे भिंतीवर आदळली. बाबा बेशुद्ध. पोलीस आले तेव्हा बोलण्याच्या अवस्थेत एकटा उंट होता. तो म्हणाला, "ब्रेक लागला नाही."

ब्रेकला काही झालं नव्हतं. बाबा प्यायले होते.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही, पण आईला न सांगताच सगळं माहीत होतं. बाबांचं रक्त तपासायला घेतलं ते दुसऱ्या दिवशी. गाडी पुढून अशी चेपली होती की तपासणाऱ्यांनाही छातीठोकपणे काही सांगता येईना. आणि गाडी नुकतीच गॅरेजमधून आली होती. मग काय, सगळं गॅरेजवाल्यावर गेलं. बाबा घरी आले, केस रेंगाळली. उंटानं ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की ती गुळगुळीत झाली.

बाकीची गुळगुळीत झाली ती वाचनालयात. कार्यक्रमाआधी गटात तालमी व्हायच्या. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी सुधारणा सुचवायच्या. उंटानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही.

"दवाखान्याचं लांबतंय," एक जण म्हणाला.

"पण ब्रेकचा भाग एक नंबर," कात्री म्हणाली. जीभ तसं नाव. गटात उंटाशी रोज बोलणारी ती एकटीच. "तो पळवू नकोस ना. पाय दाबला, एवढंच म्हण आणि थांब. मग म्हण, काहीच झालं नाही. बघ कसा काटा येतो."

बाईंनीही मान डोलावली. उंटानं पुढच्या शनिवारी तसंच सांगितलं. थांबला. काटा आला. त्यालाही आला, आणि घटकाभर त्याला खरंच दिसलं, की बाबांनी पाय दाबला आणि काही झालं नाही.

कार्यक्रमाच्या शनिवारी कात्री खाली टेबलावर होती. लोकांना पुस्तकं वाटत होती आणि तोंड चालू होतं. "उंट हवाय? जरा जाड आहे, आणि चित्रं नाहीत." दुपारपर्यंत उंट तिघांनी वाचला. एक आजी रडल्या. उंटाला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटली, ती त्यानं गिळली.

मग चौथा वाचक आला. पन्नाशीचा माणूस, शर्टाला कडक इस्त्री, पण नखांच्या कडा काळ्या. कितीही घासलं तरी निघत नाही तसलं काळं.

"बापरे," तो बसता बसता म्हणाला, "हे वाचायला शिडी लागेल."

उंट हसला.

"मी काही वाचणारा माणूस नाही हं. खाली पेपर चाळायला येतो. हल्ली रोजच. घरी बसलं की बायको म्हणते, भिंती मोजू नका, बाहेर जा. फळ्यावर अपघात वाचलं म्हणून वर आलो. सांग."

उंट सांगू लागला. उतार आला. त्यानं शिकवल्यासारखा वेग कमी केला. "बाबांनी पाय दाबला." थांबला. "काहीच झालं नाही."

समोरच्या माणसाला काटा आला नाही. त्यानं फक्त विचारलं, "कुठला उतार?"

"दवाखान्याचा."

माणसानं दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले.

"पांढरी गाडी," तो म्हणाला. "डावा आरसा फुटलेला. मीच दुरुस्त केली होती ती."

गॅरेजवाल्याला उंटानं कधी पाहिलेलंच नव्हतं. गाडी टाकायला, आणायला बाबाच जायचे.

"घाबरू नकोस. मी भांडायला आलो नाही. मला ठाऊकही नव्हतं तू कोण ते." माणसाचा आवाज अगदी साधा होता, शेजारच्या टेबलावर ऐकू जाणार नाही असा. "मला फक्त एक सांग. तू होतास ना शेजारी. पाय दाबला तेव्हा नेमकं काय झालं? मी रोज ते काम पहिल्यापासून आठवतो बघ. आवळलं का? आवळलं. बघितलं का? बघितलं. सुरुवातीला खात्री होती. आता वाटतं, बघितलं असं मला वाटतंय फक्त. उभा जन्म पाना धरला मी. आता घरातला नळ गळतोय तर त्याला हात लावत नाही. बायको म्हणते, दुसऱ्याला बोलावू का? मी म्हणतो, बोलाव."

उंट वाळूकडे बघत होता.

"त्या बाईंच्या घरी जायचंय मला. माफी मागायला. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. पण कशाची मागतोय ते तरी नीट कळायला हवं ना? माझ्या हातून मेली ती, हे एकदा पक्कं कळू दे. मग मी मोकळा. आणि तुझ्या बाबांना सांग, जमलं तर मला माफ करा म्हणावं."

खरं बोलायची जागा हीच होती. पुढं पाऊल टाकायचं आणि झालं. उंटानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "पुस्तक मिटलं."

"हो, हो," माणूस लगबगीनं उठला. "नियम आहे. चुकलं माझं, पोराला काय काय विचारत बसलो." जाताना त्यानं वाळूचं घड्याळ आडवं करून ठेवलं. वाळू आहे तिथं थांबली.

माडीच्या मागं अडगळीची खोली होती, मोडक्या खुर्च्यांची. कात्रीला उंट तिथं सापडला.

"खाली दोघं जण तुझ्यासाठी थांबलेत आणि महाराज इथं तपाला बसलेत. काय झालं?"

त्यानं सांगितलं. सगळं, उलटसुलट. "ती बाई रस्त्यावर पडलेली होती, कात्रे. आणि मी तिच्याकडे नाही गेलो. मी सीटखाली बाटली शोधत होतो. सापडली, ती गटारात टाकली. मग गेलो. तोपर्यंत लोक जमले होते."

कात्री एका मोडक्या खुर्चीवर बसली, खुर्ची कलली, तरी तशीच बसून राहिली.

"थांब म्हणून मीच सांगितलं होतं तुला," ती शेवटी म्हणाली. "ब्रेकच्या जागी."

"तुला कुठं माहीत होतं?"

"मला नव्हतं माहीत. तुला होतं. आणि तू थांबलास." तिनं तोंडावरून हात फिरवला. "मी बाईंना सांगणार नाही. कुणालाच नाही. खोलीतलं खोलीत, गटात ठरलंय आपलं. पण तो माणूस रोज खाली पेपर घेऊन बसतो. मी जाता-येता त्याच्याकडे कसं बघायचं, तेवढं सांग."

उंट उठून घरी गेला.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. अपघातापासून त्यांनी दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता, आणि कुणाशी धड बोललेही नव्हते.

"आज गॅरेजवाला भेटला," उंट म्हणाला.

आईच्या हातातली घडी थांबली. "काही बोललास?"

"नाही."

"शहाणं माझं लेकरू."

त्याला वाटलं, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. "आई, त्याला वाटतंय त्यानंच मारलं तिला."

"वाटू दे. वाटण्यानं कुणी तुरुंगात जात नाही. त्याचा धंदा गेला, माझं माणूस जाईल. तूच सांग, काय घालवू?"

"मला विचारा की कुणीतरी," आतून बाबांचा आवाज आला.

"तुम्ही गप पडा," आई म्हणाली. "तुमचं विचारून झालंय."

आईनं घडी पुरी केली, ती उंटाच्याच शर्टाची होती, आणि त्याच्या हातात दिली.

सोमवारी वाचनालय उघडलं तेव्हा उंट पायरीवर होता. आत पेपरच्या टेबलाशी नेहमीची माणसं येऊन बसली, गॅरेजवाल्याची खुर्ची तेवढी रिकामी. दुपार झाली तरी तो आला नाही. कात्री शाळेतून थेट आली. तिनं काचेतून आत पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काल गेला असेल का रे तो? त्या बाईंच्या घरी?"

"माहीत नाही."

"जाऊन म्हणाला असेल, मी मारलं."

"कात्रे, माहीत नाही." उंट उभा राहिला. "मी ग्रंथपाल बाईंना सगळं सांगितलं सकाळी. त्यांनी डोळे पुसले आणि त्याचं घर कुठं आहे ते सांगितलं. पाण्याच्या टाकीमागं राहतो. आधी त्याच्याकडे जातोय, मग तिथून पोलिसांकडे."

"आणि बाबा?"

"आत जातील."

"आई?"

"सकाळी सांगून निघालो. तिनं दार लावून घेतलं."

कात्रीनं दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मी येते. पण तू परवा पुस्तक मिटलंस तसं तिथं तोंड मिटलंस ना, उंटा, तर मी तुझं तोंड बघणार नाही. चहा घे म्हणतील, बस म्हणतील, चांगली माणसं असतात तसली. तू बसशील, आणि मग इकडचं तिकडचं बोलून परत येशील. मी ओळखते तुला."

"तू दारापर्यंत ये," उंट म्हणाला. "तुला शब्द देतो. दार उघडलं की पहिलं वाक्य तेच असेल, उंबऱ्याबाहेर उभ्यानंच. बस म्हणाले तरी सगळं सांगितल्याशिवाय मी बसणार नाही."